सिंगापूर आणि मलेशिया : अमली पदार्थांचे कायदे, शिक्षा आणि शेवटचा शब्द कोणाचा

मंदारवेल

नमस्कार मंडळी.

सिंगापूर-मलेशियात राहणाऱ्या, शिकायला येणाऱ्या आणि नुसतं फिरायला येणाऱ्या मराठी लोकांसाठी हा धागा काढते आहे. "मलेशियाने फाशी रद्द केली" आणि "सिंगापुरात थोडासा गांजा सापडला तर दंड भरून सुटतात", ही दोन वाक्यं मी इतक्या घरांतून ऐकली आहेत की आता गप्प बसवत नाही. दोन्ही चुकीची आहेत. आम्ही सिंगापूरचे स्थायी रहिवासी, मुलगा क्वालालंपूरला शिकतो, त्यामुळे दोन्हीकडचे कायदे मुळातून वाचणं भागच होतं.

मलेशियाचा डेंजरस ड्रग्ज अ‍ॅक्ट १९५२चा, ब्रिटिश अमदानीतला. सिंगापूरचा मिसयूज ऑफ ड्रग्ज अ‍ॅक्ट १९७३चा. अमली पदार्थांच्या व्यापारासाठी फाशी दोघांनीही १९७५ साली आणली. सिंगापूरने ती पहिल्यापासून सक्तीची ठेवली, म्हणजे ठरलेल्या वजनाच्या वरचा गुन्हा शाबित झाला की न्यायाधीशांपुढे दुसरा पर्यायच नाही. मलेशियात सुरुवातीला जन्मठेप की फाशी हे न्यायाधीश ठरवत. १९८३ मध्ये तिथेही सक्ती आली. पुढची तीनेक दशकं दोन्ही देश या बाबतीत सारखेच कठोर होते. १९८६ मध्ये केविन बार्लो आणि ब्रायन चेंबर्स या ऑस्ट्रेलियन तरुणांना क्वालालंपूरच्या पुडू तुरुंगात फाशी दिली गेली. २००५ मध्ये व्हॅन तुओंग न्विन या ऑस्ट्रेलियन तरुणाला सिंगापूरच्या चांगी तुरुंगात. हा न्विन सिंगापुरात यायला निघालेलाच नव्हता. कंबोडियाहून ऑस्ट्रेलियाला परतताना चांगी विमानतळावर विमान बदलत होता आणि त्याच्याकडे ३९६ ग्रॅम हेरॉईन सापडलं. मुंबईहून सिंगापूरमार्गे बाली किंवा सिडनीला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की नुसतं विमान बदलायला उतरलात तरी तुम्ही या कायद्याच्या कक्षेत आलात.

आता वजनं. सिंगापुरात शुद्ध हेरॉईन १५ ग्रॅम, कोकेन ३० ग्रॅम, मेथ (मेथॅम्फेटामाइन) २५० ग्रॅम, गांजा ५०० ग्रॅम, अफू १२०० ग्रॅम; याच्या वर व्यापार किंवा आयात शाबित झाली की फाशी. मलेशियात हेरॉईन १५ ग्रॅम, कोकेन ४०, मेथ ५०, गांजा २००, अफू १०००. नुसते आकडे शेजारी ठेवले तर गांजा आणि मेथच्या बाबतीत मलेशियाच जास्त कडक वाटतो. पण हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. मलेशियाचा आकडा म्हणजे "एवढं सापडलं तर तुम्ही विक्रीसाठीच बाळगलं होतं असं आम्ही धरून चालणार" ही रेषा. सिंगापुरात ही धरून चालण्याची रेषा फार खाली आहे: हेरॉईन २ ग्रॅम, कोकेन ३ ग्रॅम, गांजा १५ ग्रॅम, मेथ २५ ग्रॅम. त्याच्या वर गेलात की "मी स्वतःसाठी आणलं होतं" हे तुम्ही सिद्ध करायचं. सरकारने काही सिद्ध करत बसायचं नाही.

खरा फरक गेल्या बारा-तेरा वर्षांत पडला, आणि माझ्या मते तो ग्रॅममध्ये नाही. माणूस जगणार की मरणार हे शेवटी कोण ठरवतं, यात आहे.

सिंगापूरने २०१२ मध्ये दुरुस्ती केली, ती २०१३ पासून लागू झाली. आरोपी नुसता माल पोचवणारा होता असं न्यायालयात ठरलं आणि त्याने तपासाला भरीव मदत केली असं प्रमाणपत्र सरकारी वकिलाने दिलं, तर न्यायाधीश फाशीऐवजी जन्मठेप आणि वेताचे किमान १५ फटके देऊ शकतात. मानसिक आजारामुळे जबाबदारी कमी होत असेल तर वेगळी वाट आहे. पण प्रमाणपत्र द्यायचं की नाही हे सरकारी वकील ठरवतो, आणि त्याने हेतुपुरस्सर दुष्टपणा केला हे दाखवता आलं नाही तर न्यायालय त्यात सहसा हात घालत नाही.

दोन माणसांची तुलना करा. दोघेही मलेशियन, दोघेही गरीब घरातले. यॉंग वुई कॉंग हा साबाचा, २००७ मध्ये एकोणिसाव्या वर्षी सिंगापुरात पकडला गेला, ४७.२७ ग्रॅम हेरॉईनसह. नागेंद्रन धर्मलिंगम हा इपोहचा, २००९ मध्ये एकविसाव्या वर्षी मलेशियाच्या सीमेवरच्या वुडलँड्स नाक्यावर पकडला गेला, मांडीला बांधलेल्या ४२.७२ ग्रॅम हेरॉईनसह. यॉंगला प्रमाणपत्र मिळालं. २०१३ मध्ये त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप आणि १५ फटके झाले. नागेंद्रनला मिळालं नाही. त्याचा बुद्ध्यांक ६९ असल्याचं न्यायालयापुढे आलं होतं, तरी २७ एप्रिल २०२२ रोजी त्याला फाशी दिली. मालाचं वजन नागेंद्रनकडे कमी होतं. फरक एवढाच पडला की एकाजवळ सांगण्यासारखी, सरकारला उपयोगी पडणारी माहिती होती. टोळीत जो सगळ्यात खालचा असतो, त्याला वरच्या कुणाचं नावही माहीत नसतं. मग तो काय सांगणार?

मलेशियाने दुसरी वाट धरली. २०१७च्या दुरुस्ती विधेयकात आधी सरकारी वकिलाच्या प्रमाणपत्राचीच अट होती. वकिलांनी आणि खासदारांनी टीका केल्यावर ती काढली आणि निर्णय न्यायाधीशांकडे दिला. २०१८ पासून फाशी अमलात आणणं थांबवलं. मग ४ जुलै २०२३ पासून फाशीची सक्ती सगळ्याच गुन्ह्यांसाठी रद्द करणारा कायदा आला. फाशी गेलेली नाही, हे कृपया नीट वाचा. अमली पदार्थांच्या व्यापाराला आजही फाशी किंवा जन्मठेप आहे, आणि फाशी नसेल तर किमान १२ फटके. पण यातलं काय द्यायचं हे आता तो माणूस डोळ्यांपुढे असलेला न्यायाधीश ठरवतो.

मला हे बरोबर वाटतं. तुमची मतं, अनुभव, कायद्याची माहिती, जे असेल ते लिहा.

दीपस्तंभ

मंदारवेल ताई, मेहनत घेऊन लिहिलं आहे, पण मी तुमच्या बाजूचा नाही.

मी सिंगापुरात दोन मुली वाढवल्या. त्या रात्री अकरा वाजता एकट्या एमआरटीने (मेट्रोने) घरी येतात आणि मी निश्चिंत झोपतो. हे आपोआप झालेलं नाही. नकाशा बघा. म्यानमार, लाओस आणि थायलंडचा सुवर्ण त्रिकोण इथून विमानाने तीन तासांवर आहे. मलेशियाला जोडणाऱ्या जोहोर बारूच्या पुलावरून रोज लाखो माणसं ये-जा करतात. एवढ्याशा बेटावर, एवढ्या उघड्या व्यापारी बंदरात, या प्रदेशात, कायदा ढिला ठेवला तर काय होईल?

सरकारने एक आकडा जाहीरपणे मांडला आहे. १९९० मध्ये १२०० ग्रॅमवरच्या अफूला सक्तीची फाशी लागू केली, त्यानंतरच्या चार वर्षांत तस्करीतल्या अफूचं सरासरी वजन ६६ टक्क्यांनी घसरलं. म्हणजे तस्कर हिशेब करतात, आणि शिक्षा त्या हिशेबात येते. नागेंद्रनच्या आईचं दुःख मी नाकारत नाही. पण त्याच्या मांडीवरचं हेरॉईन ज्या घरांत पोचणार होतं, त्या घरांतही आया होत्या. त्यांची नावं कुठल्याच वर्तमानपत्रात येत नाहीत.

सह्यकडा

मी मुंबईत फौजदारी वकिली करतो, एनडीपीएसची, म्हणजे आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्याची, बरीच प्रकरणं चालवली आहेत. कायद्याच्या बाजूने काही भर घालतो.

आधी आपल्याकडची सवय किती घातक ठरू शकते ते सांगतो. भारतात १९८५च्या एनडीपीएस कायद्यात १ किलोपर्यंतचा गांजा "अल्प प्रमाण" आहे. शिक्षा कमाल एक वर्ष किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. व्यापारी प्रमाण २० किलोपासून सुरू होतं. हाच एक किलो गांजा सिंगापूरच्या फाशीच्या रेषेच्या दुप्पट आहे आणि मलेशियाच्या व्यापार-गृहीतकाच्या पाचपट. "अरे, गांजाच तर आहे" ही जी आपल्याकडची बेफिकिरी असते, ती घेऊन कुणी चांगीला उतरू नये.

आता सक्तीच्या फाशीबद्दल. हा वाद आपल्या न्यायालयांत होऊन गेला आहे. १९८३ मध्ये मिठू विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचं कलम ३०३ रद्द केलं. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर त्याला सक्तीने फाशी, असं ते कलम होतं. न्यायाधीशाला परिस्थितीकडे बघूच न देणारी शिक्षा घटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये बसत नाही, असं न्यायालय म्हणालं. एनडीपीएसच्या कलम ३१-अ मध्येही पुन्हा गुन्हा करणाऱ्याला ठरावीक वजनावर सक्तीची फाशी होती. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. कलम पुसून टाकलं नाही, पण फाशी "द्यावीच लागेल" असं नव्हे तर "देता येईल" असं वाचावं, असा निकाल दिला. २०१४ मध्ये संसदेने तशी दुरुस्तीही केली. अमली पदार्थांच्या सक्तीच्या फाशीविरुद्ध असा निकाल आपल्या फोर्टमधल्या इमारतीतून निघाला, याचा मला मराठी वकील म्हणून अभिमान आहे.

सिंगापूरच्या न्यायालयाला मिठूचा निकाल माहीत नव्हता असं नाही. १९८०-८१ मध्ये ऑंग आह चुआनच्या प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सिंगापूरच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, सिंगापूरची सक्ती वैध ठरवली. पुढे २०१० मध्ये यॉंग वुई कॉंगच्याच अपिलात सिंगापूरच्या अपील न्यायालयाने मिठूचा विचार केला आणि तो मार्ग नाकारला. त्यांचं म्हणणं, आमच्या घटनेत "कायद्यानुसार" एवढंच आहे, त्या कायद्याने काय शिक्षा द्यायची हे संसद ठरवेल. जवळजवळ सारख्याच शब्दांतून दोन देशांची न्यायालयं दोन दिशांना गेली.

अजून एक मुद्दा धाग्यात यायलाच हवा, तो पुराव्याचा. मलेशियात दोन गृहीतकं एकावर एक रचता येत होती. पिशवी तुमच्या ताब्यात होती, म्हणून आत काय आहे ते तुम्हाला माहीत होतं असं धरायचं. आणि माहीत होतं व वजन जास्त आहे, म्हणून तुम्ही व्यापारी आहात असंही धरायचं. एप्रिल २०१९ मध्ये आल्मा नुडो आतेन्झा या फिलिपिनी महिलेच्या प्रकरणात मलेशियाच्या फेडरल कोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ही दुहेरी रचना घटनाबाह्य ठरवली. सिंगापूरच्या अपील न्यायालयानेही २०१८ मध्ये तिथली दोन गृहीतकं एकत्र लावता येणार नाहीत असं म्हटलं आहे. पण सीमेवर पकडलेल्या माणसाला त्याचा फारसा फायदा होत नाही. कारण सिंगापुरात "आयात" हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याचीही शिक्षा तीच. वुडलँड्सच्या पुलावरून माल आत आणला आणि तुम्हाला तो माहीत होता असं धरलं गेलं, की व्यापाराचं गृहीतक लागतच नाही. दुसऱ्याची पिशवी हातात घेऊन पूल ओलांडणं किती महाग पडू शकतं ते यावरून कळेल.

पेनांगकर

मलेशियातून लिहितो. मंदारवेल यांनी २०२३च्या कायद्याचं जे लिहिलं ते बरोबर आहे. त्याच्या जोडीला आणखी एक कायदा झाला. आधीच फाशीची किंवा मरेपर्यंत कैदेची शिक्षा झालेल्यांना फेडरल कोर्टाकडे शिक्षेचा फेरविचार मागता येईल, असा. तेव्हा फाशीच्या कोठडीत तेराशेच्या आसपास माणसं होती, बहुतेक अमली पदार्थांच्या गुन्ह्यातली, आणि त्यांत परदेशी नागरिक बरेच. त्यांतल्या शेकडो जणांची फाशी रद्द होऊन दीर्घ मुदतीची कैद झाली. काहींनी इतकी वर्षं आधीच काढली होती की सुटकेचा दिवस दिसायला लागला.

पण "मलेशिया मवाळ झाला" असं म्हणून कुणी यायचं असेल तर न आलेलं बरं. फाशीच्या खालच्या शिक्षा बघा. गांजा २० ते ५० ग्रॅम सापडला तर २ ते ५ वर्षं कैद आणि ३ ते ९ फटके. ५० ग्रॅमच्या वर गेलं तर किमान ५ वर्षं, कमाल जन्मठेप, आणि किमान १० फटके. ५० ग्रॅम म्हणजे काही फार नाही. फटके म्हणजे नुसता अपमान नाही, कातडी फाटते आणि व्रण जन्मभर राहतात. दोन्ही देशांत स्त्रियांना हे फटके मारत नाहीत.

आणखी एक जागा आहे जिथे परदेशी माणूस नकळत अडकतो. उत्तरेकडे केडा आणि पर्लिसमध्ये केतुमची झाडं रानात उगवतात. पानं उकळून काढा पितात, शेतमजूर दमणूक घालवायला घेतात. मलेशियात केतुम पॉयझन्स अ‍ॅक्टखाली येतो, १० हजार रिंगिटपर्यंत दंड किंवा ४ वर्षांपर्यंत कैद. पलीकडे थायलंडने ऑगस्ट २०२१ मध्ये तो अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि आता बाजारात उघड विकतात. आणि सिंगापुरात त्यातलं मुख्य द्रव्य हेरॉईनच्याच "अ" वर्गात, म्हणजे सगळ्यात कडक गटात, आहे. तीन शेजारी, एक झाड.

रानजाई

मी पुण्यात व्यसनमुक्तीच्या कामात आहे. फाशीवर सगळे बोलतात, ते बोलायलाच हवं, पण मला विचारायचं आहे ते पिणाऱ्याचं, ओढणाऱ्याचं काय होतं. आम्ही गर्दचा काळ पाहिला आहे. ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईतली चांगल्या घरातली मुलं ब्राऊन शुगरने खलास होत होती. त्यातूनच १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं. तेव्हापासूनचा आमचा अनुभव असा की पोलिसांची भीती असली की माणूस मदत मागायला उशीर करतो, आणि येतो तेव्हा शरीर पार गेलेलं असतं. या दोन देशांत आजारी माणूस म्हणून त्याच्याकडे कोण बघतं?

मंदारवेल

रानजाई, हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत.

सिंगापुरात सेवन हाच गुन्हा आहे. कायद्याने १० वर्षांपर्यंत कैद किंवा २० हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ज्याने फक्त सेवन केलं, दुसरा गुन्हा नाही, त्याला खटल्याऐवजी सक्तीच्या पुनर्वसन केंद्रात पाठवतात. २०१९च्या दुरुस्तीने हे पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यांनाही लागू झालं, केंद्रातली कमाल मुदत ३ वरून ४ वर्षं झाली आणि बाहेर पडल्यावरची देखरेख ५ वर्षांपर्यंत गेली. गुन्ह्याची नोंद टळते, समुपदेशन मिळतं, नोकरीसाठी मदत होते. मात्र ते केंद्र म्हणजे बंदिवासच आहे. दरवर्षी सुमारे तीन हजार सेवन करणारे पकडले जातात, हा सरकारचाच आकडा.

औषधोपचारात मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सिंगापूरने हेरॉईन सोडवण्यासाठी सुब्युटेक्स, म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, डॉक्टरांमार्फत देऊन पाहिलं. लोक गोळ्या विरघळवून टोचून घ्यायला लागले. ऑगस्ट २००६ मध्ये सरकारने ते औषध थेट "अ" वर्गात टाकलं आणि तो मार्ग बंद झाला. जवळजवळ त्याच वेळी, २००५ मध्ये, मलेशिया उलट दिशेने निघाला. सुया वाटून घेतल्यामुळे एचआयव्ही पसरत होता, तेव्हा आरोग्य मंत्रालयाने मेथाडोन, म्हणजे हेरॉईनऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं औषध, सुरू केलं आणि पाठोपाठ सुया बदलून देण्याचा कार्यक्रमही. क्वालालंपूरच्या एका मशिदीतसुद्धा मेथाडोनचं केंद्र चालवलं गेलं. सेवनासाठी मलेशियात ५ हजार रिंगिटपर्यंत दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद, आणि वर देखरेख. म्हणजे तिथेही गुन्हा आहेच. पण ज्या देशात २०० ग्रॅम गांजाही फाशीपर्यंत नेऊ शकतो, त्याच देशाने सरकारी दवाखान्यातून मेथाडोन दिलं, याचं मला मोल वाटतं.

दीपस्तंभ, तुमच्या मुली निर्धास्त घरी येतात याचा मलाही आनंद आहे, माझीही मुलगी येते. पण ती सुरक्षितता फाशीमुळे आहे की नाक्यावरची तपासणी, चोख पोलीस, घरं, शाळा, नोकऱ्या यांमुळे, हे वेगळं काढून कसं दाखवणार? अफूचं वजन घटलं त्याच काळात या प्रदेशातलं सेवनच अफूकडून हेरॉईन आणि पुढे मेथकडे वळत होतं. मलेशियाने सात-आठ वर्षं कुणाला फाशी दिलेली नाही. त्याच काळात सिंगापूरने २०२२ या एका वर्षात ११ जणांना दिली, सगळे अमली पदार्थांचे. फाशीनेच पुरवठा आटत असेल तर पुलाच्या दोन टोकांना आपल्याला दोन वेगळी जगं दिसायला हवीत.

दीपस्तंभ

दिसतातच. मलेशियात मेथचे कारखाने सापडतात, सिंगापुरात सापडल्याचं क्वचित ऐकू येतं. पण तुम्ही म्हणता ते मान्य करतो की कारण एकच नाही. माझा आग्रह सक्तीवर नाही, शिक्षेच्या खात्रीवर आहे. न्यायाधीशाला अधिकार दिला तर चांगला वकील परवडणारा सुटेल आणि नागेंद्रनसारखा गरीब लटकेल, ही माझी भीती आहे. प्रमाणपत्राची पद्धत वाईट आहे हे मला पटलं. त्यावर उपाय न्यायाधीशाची मर्जी हा आहे का, हे पटलेलं नाही.

सह्यकडा

दीपस्तंभ, न्यायाधीशाने कारणं लिहून द्यायची असतात आणि त्या कारणांवर अपील होतं. प्रमाणपत्र न देण्याची कारणं मात्र सरकारी वकिलाला न्यायालयापुढे उलगडून मांडावी लागत नाहीत. गरीब माणसाला यातलं कुठलं जास्त उपयोगी, हे वेगळं सांगायला नको.

जुनी पाने

इतिहासाचं थोडं. ज्या सिंगापुरात आज १२०० ग्रॅम अफूला फाशी आहे, त्याच सिंगापूरचा कारभार ब्रिटिशांनी दीर्घकाळ अफूच्या पैशावर चालवला. विक्रीचा मक्ता लिलावाने दिला जाई, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तर सामुद्रधुनीच्या वसाहतींचा (सिंगापूर, पेनांग, मलाक्का) निम्म्याच्या आसपास महसूल अफूतून येत असे. बंदरातले चिनी हमाल, रिक्षा ओढणारे, कथिलाच्या खाणीतले मजूर हे गिऱ्हाईक. आणि माल हिंदुस्थानातला. बंगालची अफू कलकत्त्याहून निघे, माळव्याची आपल्या मुंबईहून. शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेली अफू मुंबईच्या गोदीतून चीनकडे जाई आणि जहाजं याच सामुद्रधुनीतून पुढे जात. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांची संपत्ती त्या व्यापारातही वाढली. जे. जे. रुग्णालय आणि कला महाविद्यालय ही त्यांची देणगी आपण आजही वापरतो. ही शहरं अफूवर उभी राहिली आणि त्यातून भरडली गेलेली माणसं बहुतेक नोंदींत नावानिशी सापडतही नाहीत. ब्रिटिश गेल्यावर तिथल्या राज्यकर्त्यांच्या मनात या पदार्थांबद्दल एवढा राग का राहिला, ते यातून समजतं. राग समजतो म्हणून सक्तीची फाशी पटते असं मात्र नाही.

औदुंबर

मी आणि पत्नी दिवाळीत मुलीकडे सिंगापूरला जाणार आहोत, तिथून मलेशिया आणि थायलंडही पाहायचं आहे. पत्नीला पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी जोरकस गोळ्या दिल्या आहेत. अनारसे न्यायचे आहेत, त्याला खसखस लावलेली असते. हा धागा वाचून छातीत धडधडायला लागलं आहे. कुणी नीट सांगाल का?

मंदारवेल

काका, घाबरू नका, फक्त निघण्याआधी थोडी तयारी करा.

खसखस सिंगापुरात नियंत्रित वस्तू आहे. तिच्या आयातीवर तिथल्या केंद्रीय अमली पदार्थ विभागाचं, सीएनबीचं, नियंत्रण आहे. खसखशीच्या दाण्यावर अफूच्या बोंडातलं मॉर्फिन चिकटलेलं असू शकतं, म्हणून. तेव्हा पुडी बांधून अजिबात आणू नका. अनारसे तीळ लावून करा, किंवा बिनखसखशीचे आणा. लेकीला सांगा, पीठ इथेच भिजवू.

पाठीच्या गोळ्यांत कोणतं द्रव्य आहे ते चिठ्ठीवरून पाहा. मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल असेल तर निघण्यापूर्वी सिंगापूरच्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची, एचएसएची, परवानगी घ्यावीच लागते. झोपेच्या गोळ्या, कोडीनची खोकल्याची औषधं यांनाही मर्यादा आहेत, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर द्रव्याचं नाव टाकून पाहता येतं. औषध मूळ वेष्टनात, डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत, आणि प्रवासाला लागेल तेवढंच. मलेशियासाठीही चिठ्ठी जवळ असू द्या. कुणी विमानतळावर "काका, एवढी पिशवी आत न्या हो" म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा, मग तो आपल्या गावचा का असेना.

थायलंडबद्दल एक गोष्ट सगळ्यांसाठीच. तिथे ९ जून २०२२ला गांजा यादीतून काढला, दुकानं उघडली, आणि जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरता आणला. अजूनही गमीच्या गोळ्या, बिस्किटं, पेयं यांत तो सापडू शकतो. पाकिटावर गांजाचं पान दिसलं की बाजूला ठेवा आणि उरलेलं काहीही बॅगेत टाकून आणू नका. तुमची लेक इथली नागरिक किंवा स्थायी रहिवासी असेल तर तिला मात्र दुप्पट काळजी घ्यावी लागेल. सिंगापूरचे नागरिक आणि स्थायी रहिवासी यांनी जगात कुठेही सेवन केलं तरी तो सिंगापुरात केल्यासारखाच गुन्हा धरतात. थायलंडमध्ये ते कायदेशीर होतं, हा बचाव चालत नाही. परतताना नाक्यावर लाळेची किंवा लघवीची चाचणी होऊ शकते.

मराठी घरांतल्या वयात आलेल्या मुलांना हे मोकळेपणाने सांगा. आणखी एक, व्हेपबद्दल. व्हेपमध्ये मिसळलं जाणारं एटोमिडेट हे भुलीचं औषध सिंगापूरने १ सप्टेंबर २०२५ला "क" वर्गातलं अमली द्रव्य ठरवलं. मित्राने पुढे केलेलं व्हेप नुसतं तोंडाला लावलं तरी प्रकरण दंडापुरतं राहील असं नाही.

पेनांगकर

औदुंबर काका, मलेशियाच्या बाजूने एक भर. ईश्वर न करो, पण कुणावर वेळ आलीच तर दोन्ही देशांत भारताचं उच्चायुक्तालय आहे आणि अटक झाल्यावर त्यांना कळवा असं सांगण्याचा हक्क परदेशी माणसाला आहे. तो पहिल्या तासातच मागायचा. भाषा नीट कळत नसेल तर दुभाषा मागायचा, आणि न समजलेल्या कागदावर सही करायची नाही. तुमच्या मुलीच्या फोनमध्ये दोन्ही उच्चायुक्तालयांचे क्रमांक घालून ठेवा.

औदुंबर

मंदारवेल ताई, पेनांगकर, मनापासून आभार. पत्नीच्या गोळ्यांत ट्रामाडॉल आहे. आज संध्याकाळीच डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घेतो आणि मुलीला प्राधिकरणाचं संकेतस्थळ बघायला सांगतो. अनारसे तिळाचे.

रानजाई

मंदारवेल, सुब्युटेक्सची माहिती मला नवीन होती. आपल्याकडे हेच ब्युप्रेनॉर्फिन सरकारी केंद्रांतून, डॉक्टरांच्या समोर जिभेखाली ठेवून देतात, त्यामुळे टोचून घेण्याचं प्रमाण आवाक्यात राहतं. औषधावर बंदी घालण्याऐवजी देण्याची पद्धत बदलता आली असती असं मला वाटतं. क्वालालंपूरला मेथाडोनवर असलेल्या कुणा मराठी किंवा भारतीय कुटुंबाशी तुमची ओळख असेल आणि त्यांची हरकत नसेल, तर मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. इथल्या पालकांना त्यांच्याशी बोलायला आवडेल.